पदराची खूण

सांडूने इंजिनाच्या हेडवर थुंकून पाहिलं. थुंकी चुर्र झाली, जागेवरच उकळली आणि सावकाश विरून गेली. सांडूच्या चेहऱ्यावर जे उमटलं, त्याला दुसऱ्या कुणाच्या बाबतीत माया म्हटलं असतं.

"आता बसली बघ ऊब," तो म्हणाला. "थंड इंजिन एकदम पळवायचं नसतं. आधी गोंजारायचं, मंग पळवायचं. येड्यांना कळत नाय."

हे ऐकायला तिथं दोन माणसं होती. एक त्याची बायको सरूबाई, जिला अडतीस वर्षांच्या संसारात कुणी गोंजारलं नव्हतं. दुसरी त्यांची मुलगी मोनाली, जी ओम्नीच्या मागच्या सीटवर प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या पायाशी इंधनाच्या बाटल्या होत्या आणि बाटल्यांशेजारी तिची कपड्यांची बॅग. रेस संपली की बॅग आणि मोनाली, दोघींना जावई घेऊन जाणार होता. असं ठरलं होतं. ठरवताना बॅगेला विचारलं नव्हतं आणि मोनालीलाही नव्हतं.

बिडकीनच्या बाजूला कारखान्यांसाठी रस्ते तयार झाले होते. चांगले रुंद, सिमेंटचे, दिव्यांच्या खांबांसकट. कारखाने यायचे होते. तोवर त्या रस्त्यांवर सकाळी शेळ्या हिंडत, दुपारी नवशिके लोक गाडी शिकत आणि रविवारी गयासभाईच्या रेसा होत. गयासभाईचं शहागंजात खेळण्यांचं दुकान होतं. दर्शनी भागात बाहुल्या आणि फुगे, मागच्या खोलीत रिमोटवर पळणाऱ्या गाड्या. गाडी दीड हात लांब, आतलं इंजिन मुठीत मावेल एवढं, पण ते मेथनॉल आणि नायट्रो पिऊन मिनिटाला तीस हजार फेरे घ्यायचं आणि कानाचे पडदे फाडायचं. लहान गाड्या, मोठी माणसं आणि हरल्यावर त्याहून मोठ्या शिव्या, असा तो खेळ होता.

त्या खेळात सांडूचं इंजिन आठ वर्षं पहिलं येत होतं. हौशी लोकांची इंजिनं दोन हंगामांत झिजायची. सांडूचं तेच होतं, त्याच पिस्टनचं. गुपित काही नव्हतं. इंधनाचा जो बारीक स्क्रू असतो, ज्याला हे लोक नीडल म्हणतात, तो आवळला की इंजिनाला इंधन कमी मिळतं. ते सुकं चालतं, जोरात पळतं आणि तापतं. सैल केला की ओलं चालतं, धूर सोडतं, थंड राहतं आणि हरतं. सांडूचं इंजिन नेमकं या दोहोंच्या मधल्या धारेवर चालायचं. शंभर अंशांच्या वर, एकशे पंचवीसच्या आत. स्वतःला मात्र सांडूने ही मर्यादा कधी लावून घेतली नव्हती.

तो वाळूजला एका कंपनीत पॉवर प्रेसवर होता. तिथं त्याच्या डाव्या हाताची पहिली दोन बोटं प्रेसखाली गेली. राहिलेल्या आठांची मूठ वळायला काही अडचण नव्हती. ती मूठ त्याने फोरमनवर चालवली, रिक्षावाल्यावर चालवली, सख्ख्या साडूवर त्याच्याच पोराच्या लग्नात चालवली, आणि हे सगळे बाहेरगावी असतील तेव्हा सरूबाईवर. प्रेसच्या धाडधाडीने त्याचे कानही अर्धे गेले होते. जाड आवाज यायचे, बारीक शिटी ऐकू यायची नाही. डोळ्यांत मोतीबिंदू होता, तो काढायला तो तयार नव्हता, कारण डॉक्टर डोळ्याजवळ हात आणतो आणि आपल्याला सवयीने राग येतो, हे त्याला ठाऊक होतं.

गाडीचा रिमोट पिस्तुलासारखा असतो. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने घोडा दाबला की गाडी पळते. सांडूकडे नेमकं तेच बोट नव्हतं. म्हणून त्याला ड्रायव्हर लागे. दोन वर्षांपूर्वी सुदर्शन नावाच्या एका ऑपरेटर पोराने त्याची गाडी अशी चालवली की वळणावर सांडूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पोराला इंजिनाचा कान होता. सुकं, ओलं नुसत्या आवाजावरून सांगायचा. जावई निवडताना लोक पगार पाहतात, घर पाहतात. सांडूने कान पाहिले आणि मोनाली देऊन टाकली.

पहिल्या वर्षी सुदर्शनने मोनालीच्या कानाचा पडदा फाडला. दुसऱ्या वर्षी मनगट मोडलं. ती माहेरी आली तशी सुदर्शनने रेसला येणं बंद केलं. "बायको पाठवा, मंग गाडी चालवतो," असा निरोप आला. एका रविवारी सांडूने दुसरा ड्रायव्हर लावून पाहिला. त्याने गाडी खांबावर घातली आणि सांडूने त्याला दुसऱ्या खांबावर. त्यानंतर सांडूने निरोप धाडला, की ये.

सकाळी हर्सूलच्या घरी मोनालीने शेवटचा प्रयत्न करून पाहिला होता. जानेवारीची थंडी, तळ्याकडून वारा. सरूबाई तव्यावर मीठ तापवत होती. थंडीत इंजिनाचा पिस्टन आकसलेल्या नळीत घट्ट बसतो. तसंच सुरू केलं तर झिजतो. म्हणून मीठ तापवायचं, फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि इंजिनाला शेकायचं, ही सरूबाईची पद्धत होती. ती तिला कुणी शिकवली नव्हती. आपला खांदा, आपली पाठ ती तशीच शेकत आली होती. पुरचुंडी एकच होती. आधी इंजिन, मग खांदा असा क्रम होता, कारण खांद्याला रविवारी पळायचं नसे. खांद्यापर्यंत येईतो मीठ निवलेलं असे.

"आई, तू बोल ना अप्पांशी," मोनाली म्हणाली.

"तू बोललीस ना काल."

"बोलले. मंग काय झालं, दिसलं ना."

काल सांडूने ताट फेकलं होतं. ते मोनालीकडे निघालं होतं. मधे सरूबाईचा खांदा होता.

सांडू न्हाणीतून बाहेर आला. "काय खुसुरफुसुर चाललीय? मोने, नवऱ्यानं हात उचलला म्हनून बाई मरत नसती. ही तुझी आई बघ. अडतीस वर्षं झाली. मेली का?"

ज्या बाईकडे त्याने पुराव्यादाखल बोट केलं, ती मिठाची पुरचुंडी इंजिनाभोवती दाबत होती. तिने वर पाहिलं नाही.

"सांग की गं तिला. मेलीस का तू?"

"नाय," सरूबाई म्हणाली.

"झालं तर," सांडू म्हणाला आणि बॅग स्वतः उचलून ओम्नीत ठेवली. बापाने मुलीचं ओझं उचलल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं.

आता रस्त्याच्या कडेला गयासभाईचे लोक दोऱ्या बांधत होते. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ड्रायव्हर लोक उभे राहणार होते. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, ट्रॉलीच्या बरोबर समोर, गाड्यांत इंधन भरायची जागा होती. तिथं प्रत्येक गाडीचा एकेक माणूस उभा असे. सांडूचा माणूस म्हणजे सरूबाई.

आधी तीन पुरुष होऊन गेले होते. तिघांनीही मार खाऊन काम सोडलं. तिसरा काकासाहेब, एसटीतला निवृत्त कंडक्टर, ज्याला सगळ्या नोकरीत एकाही प्रवाशाने हात लावला नव्हता. तो अजून दर रविवारी यायचा, पण घडीची खुर्ची सांडूच्या हातापासून लांब मांडून बसायचा. सांडू एक ना एक दिवस मार खाईल आणि तेव्हा आपण हजर नसू, ही एकच भीती त्याला घरी बसू देत नव्हती. तिघं गेल्यावर सांडूने बायकोला उभं केलं. बायकोला मारलं तर ती काम सोडत नाही, एवढा अनुभव त्याच्या गाठीशी होता.

टाकी रिकामी होत आली की गाडी आत यायची. सरूबाई बाटलीने इंधन भरायची आणि टेम्परेचर गन, करोनात कपाळावर धरायचे तसली, इंजिनाच्या हेडवर रोखून आकडा पाहायची. ओरडून सांगण्यात अर्थ नव्हता. त्या गदारोळात चांगल्या कानांनाही ऐकू येत नसे. मग सांडूने खूण ठरवली. पदर डोक्यावर असेल तर सगळं ठीक. इंजिन एकशे पंचवीसच्या वर गेलं की सरूबाईने पदर खांद्यावर टाकायचा; सांडू गाडी आत बोलावणार, नीडल सैल करणार. सरूबाईचं डोकं चारचौघांत उघडं असलेलं सांडूला एरवी खपत नसे, म्हणून ते उघडं झालं की मोतीबिंदूतूनही दिसायचं.

आठ वर्षांत ही खूण चुकली नव्हती. एकदा सांडू अफजलच्या मेकॅनिकला मारत होता. अफजल गयासभाईचा पुतण्या, दरवर्षी दुसरा येणारा. दोन थोबाडीत झाल्या होत्या, तिसरीसाठी हात वर गेला होता, एवढ्यात समोर सरूबाईचा पदर खांद्यावर आला. हात तसाच हवेत थांबला. "गाडी आत घे! आत घे!" सांडू ओरडला आणि मेकॅनिकला विसरून पळाला. या माणसाला अर्ध्यावर थांबवू शकणारी दुनियेत तेवढी एकच गोष्ट होती.

सुदर्शन मोटारसायकलवरून आला तो थेट ओम्नीपाशी.

"काय मामी, बरं हाये ना?" तो सरूबाईला म्हणाला. मग खिडकीतून आत वाकून त्याने मोनालीच्या प्लास्टरवर बोटाच्या पेराने टकटक केलं, दार वाजवावं तसं. मोनाली सीटच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

"आतून आवाज येतो का बघत होतो," तो हसला. "बरं जोडलं का? ह्या टायमाला नीट धरीन. दुसरा हात हायेच की अजून."

सरूबाई गनचे सेल बदलत होती. एक सेल तिच्या हातातून खाली पडला. तो सुदर्शनने उचलून दिला. मोठ्यांशी तो अदबीने वागायचा.

"चल रे जावईबापू," सांडूने ट्रॉलीवरून हाक मारली. "बायका कुठं पळून जात नसत्यात."

रेस अर्ध्या तासाची होती. बारा गाड्या एकदम सुटल्या आणि मधमाश्यांचं मोहोळ एखाद्या डब्यात कोंडून हलवावं तसा आवाज सुरू झाला. पहिल्या दोन फेऱ्यांतच तीन गाड्या एकमेकींत घुसून उलट्या झाल्या. त्यांचे मालक एकमेकांच्या आईबहिणींची विचारपूस करत धावले. अफजलची निळी गाडी पुढं, सांडूची पिवळी मागं.

पहिल्यांदा पिवळी आत आली तेव्हा सरूबाईने इंधन भरलं, गन रोखली. एकशे नऊ. तिने पदर सारखा केला. गाडी गेली.

पण निळी पुढंच राहिली. चार फेऱ्या झाल्या, पाच झाल्या, अंतर कमी होईना. सांडूने गाडी आत घ्यायला लावली आणि स्वतः रस्ता ओलांडून आला. गुडघे टेकून त्याने नीडल आवळली. घड्याळाचा काटा पाच मिनिटं सरकावा एवढीच. पण धारेवरून पडायला तेवढं पुष्कळ होतं.

"सुकी केलीय," तो सरूबाईच्या कानाशी ओरडला. "डोळे उघडे ठेव. वर गेलं की पदर पाड. इंजिन जळलं तर त्याच्यासंगं तुला बी जाळीन. कळलं का?"

"व्हय."

तो परत गेला. पिवळीचा आवाज बारीक झाला, धारदार झाला, आणि ती निळीला खाऊ लागली. गयासभाई भोंग्यावरून ओरडत होता, "पिवळी आई रे आई! अफजल मियाँ, सो गए क्या?" पुढच्या वेळी इंधनाला आली तेव्हा ती पहिली होती.

सरूबाईने गन रोखली. एकशे तेहतीस.

तिचा हात सवयीने पदराकडे गेला. समोर, रस्त्यापलीकडे, सांडू तिच्या डोक्याकडे पाहत होता. त्याच्याशेजारी सुदर्शन रिमोट धरून उभा होता. डावीकडे ओम्नीच्या खिडकीत पांढरं प्लास्टर दिसत होतं.

सरूबाई चौथीपर्यंत शिकली होती. इंजिन होतं म्हणून ड्रायव्हर लागत होता. ड्रायव्हर लागत होता म्हणून जावई लागत होता. जावई लागत होता म्हणून मोनालीची बॅग बाटल्यांशेजारी होती. एवढं गणित चौथीत बसत होतं.

तिने पदर सोडला नाही. उलट पुढं ओढला, कपाळापर्यंत.

तेवढ्यात त्या मोकळ्या माळावरून वारा उठला. अडवायला कारखाने नव्हतेच. पदर फडफडला, मागं घसरू लागला. सरूबाईच्या एका हातात बाटली, दुसऱ्यात गन. तिने पदराचं टोक दातांत धरलं आणि चावून घट्ट केलं. लांबून पाहणाऱ्याला ती घरंदाज बाई वाटली असती. सांडूला वाटलीच.

गाडी सुटली. दोन फेऱ्यांनंतर सुदर्शनने मान तिरकी केली.

"मामा, सुकं वाजतंय."

"काय?"

"सुकं! शिटी मारतंय इंजिन! धूर बी नाय. आत घेऊ का?"

सांडूने समोर पाहिलं. "पदर बघ तिचा. डोक्यावर हाये."

"अवो, बाईच्या पदरावर इंजिन चालवता का? माझ्या कानाला कळतंय ना!"

"तुझ्या कानाला काय कळतंय? अडतीस वर्षांत ती बाई माझ्याशी खोटं बोलली नाय. बोलायची हिंमतच नाय तिची. दाब!"

"मामा, जळंल."

सांडूने त्याच्या डोक्यात टपली हाणली, ड्रायव्हिंग करत असलेल्या माणसाला हाणतात त्याहून जोरात. "दाब म्हणतो ना! फिनीश झाल्यावर तुझी बायको घेऊन जा अन् मंग काय दाबायचं ते दाब."

सुदर्शनने घोडा दाबला.

शेवटच्या इंधनाला पिवळी आली तेव्हा सरूबाईने आधी थुंकून पाहिलं. थुंकी टेकलीच नाही. हेडवरून उडून बाजूला पडली. गन म्हणाली एकशे अठ्ठेचाळीस. इंजिनातून, इंधनात मिसळलेल्या एरंडेलाचा जळका वास येत होता. हे इंजिन नवं आलं तेव्हा त्याच्या इंधनाच्या पहिल्या पाच टाक्या सरूबाईच्याच समोर जळल्या होत्या. अंगणात ते ओलं-ओलं, हळू-हळू चालवत सांडू तासन् तास त्याच्याजवळ बसून होता आणि त्या दिवसांत घरात कुणी मार खाल्ला नव्हता. तिला ते इंजिन आवडायचं. तिने टाकी काठोकाठ भरली, झाकण लावलं आणि दातांतला पदर आणखी ओढला.

पिवळी निम्म्या वळणावर असताना आवाज अचानक इतका उंच गेला की काकासाहेब खुर्चीतून उठला. मग एक 'टक' असा कोरडा आवाज आला. आतला दांडा तुटून इंजिनाचं पोट फोडून बाहेर आला. चाकं जागच्या जागी आवळली, गाडी हवेत उसळली, तीन कोलांट्या घेऊन खांबाच्या पायाशी जाऊन पडली आणि धुराची एक बारीक रेघ सोडून गप्प झाली.

सांडू ट्रॉलीवरून उतरला नाही, पडला. उठून धावला. त्याने गाडी उचलली ती उजव्या हाताने, हेडला धरून. हाताची कातडी चुरचुरली. त्याला ते कळलं नाही. आठ वर्षांत त्या इंजिनाने त्याला कधी चटका दिला नव्हता.

सुदर्शन मागून पोचला. "म्हणलं व्हतं ना! म्हणलं व्हतं सुकं वाजतंय! बहिऱ्या माणसानं इंजिन—"

वाक्य पुरं झालं नाही. सांडूने गाडीसकट इंजिन त्याच्या गालावर हाणलं. हेडच्या गरम पात्यांची छाप गालावर उठली, एकाखाली एक, छापखान्यातून काढावी तशी स्वच्छ. सुदर्शन किंचाळला आणि हातातला रिमोट त्याने सांडूच्या तोंडावर मारला. सांडूचा पुढचा दात रस्त्यावर पडला. मग सगळं फारच वेगात झालं. सांडूने त्याच्या पोटात गुडघा घातला. सुदर्शनने त्याची दाढी धरून डोकं खांबावर आपटलं. गयासभाई मधे पडला, "अरे मियाँ, कायकू मरते? गाडीच तो थी!" आणि दोन्हीकडून एकेक खाऊन परत बाहेर पडला. अफजलने सुदर्शनला कमरेला धरलं, सुदर्शनने त्याच्या नाकावर कोपर मारलं. सिमेंटवर रक्ताचे ठिपके पडले. एक शेळी ते हुंगून गेली. काकासाहेब मात्र खुर्ची जवळ ओढून बसला आणि खिशातला पेरू काढून त्याने खायला घेतला. आठ वर्षं वाट पाहिली होती; उभ्याने पाहण्यासारखं ते नव्हतं.

"घोडा तू दाबला! कळत व्हतं तर कशापायी दाबला?" सांडू रक्त थुंकत ओरडला.

"तुमी टपली मारून दाबाय लावला!"

"माझं इंजिन खाल्लं रे! आठ वर्षांचं इंजिन!"

"घाला चुलीत तुमचं इंजिन! माझी बायको द्या, मी चाललो!"

तो वळून ओम्नीकडे गेला. दार उघडून त्याने मोनालीला प्लास्टरच्याच हाताने बाहेर ओढलं. ती ओरडली. आतापर्यंत जागेवर उभी असलेली सरूबाई इंधनाची बाटली टाकून धावली, पण तिच्याआधी सांडू पोचला.

"हात लावू नको तिला!"

हे वाक्य सांडूच्या तोंडून निघालं यावर तिथल्या कुणाचा विश्वास बसला नाही. मोनालीचा तर मुळीच नाही.

"इंजिन खाल्लं, आता पोरगी बी नेतो व्हय? अरे, ज्याला साधं इंजिन सांभाळता येत नाय, त्याला मी पोरगी देईन? जा! ती तुझ्या घरात पाय टाकणार नाय. गयासभाई, तू साक्षीला हाये. मी मेलो तरी नाय!"

आणि त्याने सुदर्शनला आणखी दोन ठेवून दिल्या, पोटाच्या उजव्या अंगाला, जिथं सगळ्यात जास्त लागतं. ती जागा त्याला सरावाने माहीत होती.

सुदर्शन गालावर रुमाल धरून मोटारसायकलवर बसला. जाताना म्हणाला, "ठेवा घरी. लोणचं घाला तिचं." पण परत यायच्या आवाजात म्हणाला नाही. बारीकसारीक आवाज ओळखायला शिकलेल्या दोन बायकांनी तो नीट ऐकला.

संध्याकाळी गयासभाईने ओम्नी हर्सूलला आणून सोडली. डॉक्टरांनी सांडूच्या उजव्या हाताला पांढरं गाठोडं बांधलं होतं. जबडा सुजला होता. तो चहा न घेता ओट्यावर बसला, इंजिन समोर ठेवलं आणि सरूबाईला म्हणाला, "हेड खोल."

त्याच्या डाव्या हातात तीन बोटं, उजवा गाठोड्यात. म्हणून चार स्क्रू सरूबाईने काढले. हेड उचलून तिनेच उजेडाकडे धरलं, त्याला नीट दिसावं म्हणून. प्लगमधली तार वितळून नाहीशी झाली होती. पिस्टनची टाळू राखेच्या रंगाची झाली होती आणि नळीवर उभे ओरखडे होते. माणसं सांडूशी काय काय बोलायची; पिस्टन त्याच्याशी खरंच बोलायचा.

"सुकं जळलंय," तो म्हणाला.

"व्हय."

"एकदम नाय. दोन टाक्या तरी जळत व्हतं."

"व्हय."

"तुझा पदर डोक्यावर व्हता."

"व्हय," सरूबाई म्हणाली. "दातात धरला व्हता. वारा लई व्हता."

सांडूला कळायला थोडा वेळ लागला. मग तो उठला. ओट्यावरचे स्क्रू घरंगळून अंगणात पडले. गाठोड्याचा हात त्याच्या डोक्याच्याही वर गेला. मोनाली दारातून "अप्पा!" असं ओरडत प्लास्टरचा हात ओंडक्यासारखा उगारून पुढं आली; पण ती पोचेपर्यंत वेळ होता आणि सरूबाई बाजूला झाली नाही. तिने फक्त पदर डोक्यावरून काढला आणि खांद्यावर टाकला. पांढरे झालेले केस वाऱ्यावर भुरभुरले.

हात हवेत थांबला.

आठ वर्षांची सवय असेल. किंवा फोड आलेली मूठ वळत नसेल. कुणी विचारलं नाही. हात थोडा वेळ तसाच वर राहिला, आणि मग, काय करायचं ते न सुचून, खाली आला.

"किती गेलं व्हतं?" सांडूने विचारलं.

"शेवटी एकशे अठ्ठेचाळीस."

तो ओट्यावर बसला. फुटक्या इंजिनाकडे पाहत राहिला. "एकशे अठ्ठेचाळीसवर एवढ्या फेऱ्या मारल्या," तो म्हणाला. "लई टिकलं म्हणायचं."

सरूबाई वळली. आत जाऊन तिने चुलीवर तवा ठेवला, मीठ टाकलं. मीठ तडतडलं तशी फडक्यात घेऊन पुरचुंडी बांधली आणि ती बाहेर आली. सांडूने सुजलेला जबडा सवयीने पुढं केला. त्याच्या मांडीवर इंजिनही होतं. सरूबाई पुरचुंडी घेऊन दोघांच्या शेजारून पुढं गेली, थेट आतल्या खोलीत.

ती चटईवर पालथी पडली. मोनालीने धड हाताने पुरचुंडी तिच्या खांद्यावर टेकवली आणि दचकून उचलली.

"आई, भाजंल गं."

"नाय भाजत," सरूबाई म्हणाली. "धर."

बाहेर सांडू तीन बोटांनी इंजिनाचं चाक फिरवून पाहत होता. ते फिरत नव्हतं. मीठ चांगलं गरम होतं.